एका मुलाचा ठावठिकाणा

२०२५ सालच्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका घरी जे घडले ते या साप्ताहिकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. त्या घरच्या माणसांनी आता संमती दिली आहे. मात्र नाव, गाव व वाडी लिहू नये एवढी त्यांची अट आहे, आणि ती आम्हांस मान्य आहे. आमचा मुलूख सीमेवरचा. शेती पावसाच्या भरवशाची. ज्याला थोडेबहुत इंग्रजी येते तो पोरगा गोव्यास जाऊन बोटीवर चढावयाचे मनात धरतो. तेव्हा जे एका घरी घडले ते उद्या दुसऱ्याच्याही घरी घडू शकेल, म्हणून हे लिहिणे.

या मुलास घरी सारे 'बाब' म्हणत. मोठ्या सहलीच्या बोटीवर तो भटारखान्यात कामास होता, आणि ती बोट अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या एका बंदरातून सुटत असे. खलाशाच्या व्हिसावर आलेल्या मनुष्यास तेथे किनाऱ्यावर राहण्याची जी मुभा मिळते ती फार तर २९ दिवसांची असते. २०१९ साली एके दिवशी तो किनाऱ्यावर उतरला तो पुन्हा बोटीवर गेलाच नाही. हे त्याचे करणे योग्य होते असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या वडिलांनीही ते कधी म्हटले नाही. पण पुढे एका उपाहारगृहात भांडी घासून त्याने जे पैसे पाठविले त्यांतून घरावरची कौले बदलली, बहिणीचे लग्न झाले आणि पतसंस्थेचे कर्ज फिटले, हेही तितकेच खरे. दर रविवारी मिस्सा आटोपून आई घरी पोहोचते न पोहोचते तोच त्याचा फोन यावयाचा. जून महिन्यात एका रविवारी तो आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मग त्याच्या खोलीत राहणाऱ्या एका सोबत्याने कळविले की, पहाटे कामावर जात असता सरकारी माणसांनी त्यास गाडीतून उतरवून नेले. कोठे नेले ते सोबत्यासही ठाऊक नव्हते. त्याचे स्वतःचे कागदही धड नसावेत, कारण एवढे सांगून त्याने आपला फोन जो बंद केला तो कायमचाच.

आई आमच्याकडे आली ती संध्याकाळच्या जपमाळेनंतर. रडत नव्हती. "फादर, शिक्षा काय करायची ती करू देत त्यांना. पण तो कुठं आहे तेवढं कळू दे," एवढेच ती म्हणाली. तिच्या भीतीस आधार होता. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले होते. त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. दहा दिवसांनी दुसरे विमान आले, त्यात गोव्याचेही दोघे होते. हातांपायांत बेड्या घालून त्यांस आणले ही हकीकत आमच्या वाडीवाडीतून टीव्हीवर पाहिली गेली होती, आणि बोटीवर मुलगा असलेल्या प्रत्येक आईने ती आपल्याच मुलाची समजून पाहिली होती.

शेजारीपाजारी जे बोलावयाचे ते बोललेच. कोणी म्हणाले, समुद्रात टाकला असेल. त्यातच एक अनोळखी इसम फोनवर उगवला. आपली अमेरिकेत ओळख आहे, दीड लाख रुपये पाठवा, आठ दिवसांत मुलगा सुटेल, असे त्याचे म्हणणे. वडील म्हशी विकावयास निघाले होते. आम्ही त्या गृहस्थास फोनवरच विचारले की, मुलाची जन्मतारीख काय? त्यावर त्याने फोन ठेवला, आणि पुन्हा केला नाही. अशा माणसांस गावातील दुःखाचा वास कसा लागतो कोण जाणे!

आता तेथील व्यवस्था थोडी समजून घेतली पाहिजे. ती समजल्यावाचून शोध कोठून आरंभावा हेच कळत नाही. परदेशी माणसांस पकडण्याचे व परत पाठविण्याचे काम करणारे एक मोठे खाते अमेरिकेत २००३ साली स्थापन झाले. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून लोक त्यास 'आईस' म्हणतात. त्याने ठेवलेली माणसे गुन्ह्याची शिक्षा भोगणारे कैदी नव्हेत. कायद्याच्या दृष्टीने ही दिवाणी स्वरूपाची अटक आहे, जरी दारे, कुलपे व पहारे तुरुंगाचेच असले तरी. म्हणूनच त्यांस वकील करण्याचा अधिकार आहे, पण तो आपल्या खर्चाने. सरकार वकील देत नाही. २०२५ च्या ऑगस्ट अखेरीस अशा रीतीने अडकविलेल्यांची संख्या ६०,००० च्या वर गेली होती. इतकी माणसे जेथे पकडली तेथेच राहत नाहीत. जेथे खाटा रिकाम्या असतील तेथे त्यांस नेतात, आणि त्या खाटा फार करून टेक्सास व लुइझियाना या दक्षिणेकडील राज्यांत, शहरांपासून दूर अशा जागी असतात. लुइझियानातील जेना, बेसिल, विनफील्ड ही गावे कोणी नकाशात पाहावीत. आपल्याकडील बाजाराच्या गावांहून ती मोठी नाहीत. मनुष्य फ्लोरिडात पकडला जातो, चार दिवस एका जागी, दोन दिवस दुसऱ्या जागी असतो आणि पंधरवड्याने भलत्याच राज्यात सापडतो. वाटेत असताना तो कोणत्याच यादीत दिसत नाही.

यादी मात्र आहे, आणि ती कोणासही पाहता येते. २०१० सालापासून त्या खात्याने संगणकावर एक शोधयादी ठेविली आहे. आपल्या घरातील मोबाईलवरूनही ती उघडते व तिला पैसे पडत नाहीत. शोधण्याच्या रीती दोन. पहिली रीत क्रमांकाची. परदेशी माणसाची नोंद झाली की त्यास 'ए' या अक्षराने सुरू होणारा एक क्रमांक मिळतो. तो नऊ आकडी धरतात, आठच आकडे असल्यास आरंभी शून्य घालावयाचे. हा क्रमांक व जन्मदेश दिला की पुरे. दुसरी रीत नावाची, आणि आमची सारी परीक्षा झाली ती येथे. नाव व आडनाव खात्याच्या दप्तरात जसे लिहिले असेल तसेच, अक्षरास अक्षर मिळवून द्यावे लागते. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर यंत्र 'नोंद नाही' म्हणून मोकळे होते; जवळपासचे दुसरे नाव ते सुचवीत नाही. अठरा वर्षांखालील मुलांची नावे या यादीत मुळीच नसतात. नुकतेच सरहद्दीवर पकडलेले लोक दुसऱ्या खात्याच्या ताब्यात असतात व त्यांची नावे दोन दिवस उलटल्यावरच दिसू लागतात.

आपली नावे कशी असतात ते वाचकांस सांगावयास नकोच. बाप्तिस्म्याच्या दप्तरात एका मुलास तीन तीन नावे. एक आजोबांचे, एक ज्या संताच्या सणाला जन्मला त्याचे, एक आईच्या आवडीचे. शाळेतील मास्तर त्यांतील एक उचलतात व त्यास बापाचे नाव जोडतात. घरी चौथेच. आडनावाचे तर विचारूच नका. फर्नांडिस या आडनावाच्या शेवटी इंग्रजी 'एस' की 'झेड', डिसोझामधील 'डी' सुटा की जोडलेला, यावर एकाच घरातील तीन भावांचे तीन पंथ! आमच्या दप्तरात हे खुशाल चालते, कारण आम्ही मनुष्यास चेहऱ्याने व घराने ओळखतो. जेनाच्या दप्तरात ते चालत नाही.

मुलाचा चुलतभाऊ बेळगावास कॉलेजात शिकतो. तो मोबाईल घेऊन बसे, आम्ही बाप्तिस्म्याचे दप्तर उघडून बसत असू, आणि आई भिंतीस टेकून. तीन संध्याकाळ आम्ही नावांचे सारे प्रकार करून पाहिले. आजोबांचे नाव पुढे, मागे, 'एस'ने, 'झेड'ने, बापाच्या नावासह, त्यावाचून. प्रत्येक वेळी तेच उत्तर. नोंद नाही. आई दर वेळी विचारी, "नाही म्हणजे काय, फादर? नाहीच, का सापडत नाही?" या प्रश्नाचा भेद किती मोठा आहे हे सेमिनरीतील तर्कशास्त्राच्या वर्गात आम्हांस इतके कधी उमगले नव्हते.

वाट दाखविली ती आमच्याच भागातील एका सिस्टरांनी. त्या टेक्सासमधील एका इस्पितळात सेवा करतात. त्यांनी फोनवर विचारले, "फादर, त्याचा पासपोर्ट पाहिलात का? तुम्ही त्याचं नाव शोधता आहात. पासपोर्टावरचं नाव शोधा." पासपोर्ट बोटीवर जमा असावयाचा, खलाशांचे पासपोर्ट बोटीचे अधिकारी आपल्याकडे ठेवितात. घरी नक्कल नव्हती. ती निघाली पतसंस्थेत. बोटीवर जाण्यापूर्वीच्या प्रशिक्षणासाठी त्याने जे कर्ज काढले होते त्या अर्जास एक झेरॉक्स जोडलेली होती, आणि तेथील कारकुनाने कर्ज फिटूनही ती फाईल टाकली नव्हती. देव त्याचे भले करो.

नक्कल पाहिली आणि कोडे उलगडले. अर्ज भरणाऱ्या दलालाने मुलाचे संपूर्ण नाव, आडनावासकट, 'दिलेले नाव' या रकान्यात एकगठ्ठा घातले होते व आडनावाचा रकाना रिकामा सोडला होता. आपल्याकडे अशा पासपोर्टाने काही अडत नाही. अमेरिकेची रीत अशी की, आडनावाचा रकाना रिकामा ठेवीत नाहीत. मग पासपोर्टावरील सारे नाव ते आडनावात घालतात, आणि पहिल्या नावाच्या जागी तीन इंग्रजी अक्षरे लिहितात, 'एफ एन यू'. त्यांचा अर्थ, पहिले नाव अज्ञात. हजारो भारतीयांच्या व्हिशावर ही अक्षरे आहेत. आम्ही हे समजावून सांगितले तेव्हा ती माउली प्रथमच रागावली. "माझ्या लेकराचं नाव ठाऊक नाही म्हणे! आधीच्या फादरांनी चार माणसांदेखत पाणी घातलं त्याच्या डोक्यावर!" आम्ही दप्तरातील ते पान तिच्यापुढे धरले. तिला वाचता येत नाही. तिने त्या ओळीवरून बोट फिरविले.

चुलतभावाने पहिल्या नावात ती तीन अक्षरे घातली, आडनावात पासपोर्टावरील सारे नाव, देश भारत. यादी उघडली. नाव, जन्मदेश, क्रमांक, 'ताब्यात आहे' असा शेरा, आणि लुइझियाना राज्यातील एका बंदिगृहाचे नाव. त्यावर बोट ठेविताच पत्ता, दूरध्वनी व भेटीच्या वेळाही आल्या. पत्त्यात एक शब्द होता, 'पॅरिश'. आईला तेवढा एक ओळखीचा. "म्हणजे तो फादरांपाशीच आहे की," असे म्हणून तिने हात जोडले. लुइझियाना पूर्वी फ्रेंच व स्पॅनिश अंमलाखाली होते. त्या काळी चर्चचे जे धर्मग्राम होते त्यांवरूनच तेथील मुलकी विभागांस नाव पडले. इतर राज्यांत ज्यास काउंटी म्हणतात त्यास तेथे आजही पॅरिश म्हणतात, आणि असे ६४ पॅरिश त्या राज्यात आहेत. हा खुलासा आम्ही त्या दिवशी केला नाही.

ठिकाण कळले म्हणजे मुलगा बोलला असे मात्र नव्हे. आत असलेल्या माणसास बाहेरून फोन जोडून देत नाहीत; त्यानेच बाहेर करावयाचा, आणि त्यासाठी त्याच्या नावे पैसे जमा असावे लागतात. निरोप ठेविता येतो. आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजले म्हणजे उन्हाळ्यात तेथे सकाळचे आठ होतात. त्या सुमारास आम्ही रोज फोन करू लागलो. क्रमांक हाती होता म्हणून पुढच्या गोष्टी सोप्या झाल्या. त्याच क्रमांकावरून त्या देशाच्या इमिग्रेशन न्यायालयातील पुढची तारीख कळते, आणि फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांची यादी ते न्यायालयच देते.

आपल्या सरकारच्या वकिलातीविषयी वाचकांचा एक समज दूर केला पाहिजे. नागरिक पकडला गेला की वकिलातीस आपोआप कळते, असे आपण धरून चालतो. १९६३ साली व्हिएन्ना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ३६ व्या कलमाप्रमाणे, पकडलेल्या परदेशी माणसास 'तुझ्या वकिलातीस कळवू काय?' असे विचारावे लागते. काही देशांच्या बाबतीत अमेरिका न विचारताही कळविते, पण त्या देशांत भारत नाही. मुलाने होय म्हटले तरच निरोप जातो, आणि घाबरलेली मुले बहुधा नाही म्हणतात. (स्वदेशी परतण्यात ज्याच्या जिवास धोका आहे व जो आश्रय मागतो आहे, त्याची गोष्ट निराळी, त्याने आधी वकिलास विचारावे.) शिवाय भारताच्या कचेऱ्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत. फ्लोरिडा अटलांटाच्या कचेरीकडे, लुइझियाना ह्यूस्टनच्या. आम्ही ह्यूस्टनला क्रमांकासह पत्र पाठविले, आणि परराष्ट्र खात्याने २०१५ साली परदेशस्थ भारतीयांच्या तक्रारींसाठी सुरू केलेल्या 'मदद' या संकेतस्थळावरही नोंद केली.

तिसरे पत्र आम्ही त्या गावाच्या जवळच्या धर्मगुरूंस लिहिले. आमची ओळख नव्हती. धर्मप्रांताच्या यादीतून पत्ता काढला. फादर पेद्रो आरूपे यांनी १९८० साली स्थापिलेल्या येशूसंघीयांच्या निर्वासित सेवेने अमेरिकेतील काही बंदिगृहांतून अनेक वर्षे धर्मसेवा केली आहे, हे आम्ही वाचले होते, म्हणून धीर आला. हे धर्मगुरू त्या संस्थेचे नव्हते, साधे गावचे पाद्री. पाचव्या दिवशी त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले. मुलास पाहिले. अशक्त आहे, पण बरा आहे. घरचा फोन क्रमांक मागतो आहे.

घरचा फोन क्रमांक! आम्ही इकडे दप्तरे उलथीत होतो आणि तो तिकडे एवढ्यासाठीच अडला होता. पकडताना त्याचा मोबाईल घेतला. सहा वर्षे दर रविवारी आईच्या चित्रावर बोट ठेवून त्याने फोन केला होता. आकडे त्यास कधी पाठ नव्हतेच. बारा घरांत एक फोन होता त्या काळी हे झाले नसते.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री नऊच्या सुमारास, त्याचा आवाज आला. पाच मिनिटांचेच बोलणे. आईने जेवलास का म्हणून विचारले. तो म्हणाला, थंडी वाजते, आत फार गार ठेवितात. वडिलांना फोन दिला तर त्यांस बोलता येईना. त्यांनी एवढेच सांगितले की, भात लावून झाला. मग फोन तुटला. ती दोघे बराच वेळ त्या बंद फोनकडे पाहत बसली होती, आणि आम्ही निघालो तरी त्यांच्या ध्यानात आले नाही.

पुढे ऑगस्टात एक पोलीस शिपाई वाडीत आला व मुलाची चौकशी करू लागला, तेव्हा शेजाऱ्यांनी घाबरून 'असा कोणी नाही' म्हणून सांगितले. पासपोर्टावाचून कोणास परत आणावयाचे तर तो भारताचाच नागरिक आहे अशी खात्री त्याच्या गावच्या पोलिसांकडून करून घेतात, आणि मग वकिलात एकेरी प्रवासाचा आपत्कालीन दाखला देते. शिपाई हा शुभशकुन होता. आम्ही त्यास परत बोलावून चहा पाजला व बाप्तिस्म्याचा दाखला, शाळेचा दाखला आणि ती झेरॉक्स दिली. मुलाने परत जाण्यास न्यायालयात होकार दिला होता. नोव्हेंबरात तो आला. एक कागदी पिशवी हातात, अंगावर दुसऱ्या कोणाचा सदरा. सध्या तो गोव्यात एका हॉटेलात कामास आहे, व भांडी घासण्याहून वरच्या कामावर आहे असे आईने आम्हांस मुद्दाम कळविले आहे.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही धर्मग्रामातील ज्या घरांची मुले बोटीवर, आखातात किंवा आणखी कोठे आहेत त्यांस सांगितले की, मुलाच्या पासपोर्टाच्या पहिल्या व शेवटच्या पानाची नक्कल, व्हिशाची नक्कल, जन्मतारीख आणि त्याच्या बरोबरच्या एका माणसाचा पत्ता घरी पत्र्याच्या पेटीत ठेवा, आणि वाटल्यास दुसरी प्रत चर्चच्या कपाटात. मुलांनाही बजावले की, घरचा एक क्रमांक तोंडपाठ करा, आईच्या नमस्काराच्या प्रार्थनेसारखा. लोक नकला आणू लागले. त्या पाहताना तीन पासपोर्टांत आडनावाचा रकाना रिकामा आढळला, तिन्ही एकाच दलालाने भरलेले. दोन मुले सुटीवर घरीच होती. त्यांनी पासपोर्ट कचेरीत जाऊन ते नीट करून घेतले आहेत. तिसरा सध्या समुद्रावर आहे. त्याच्या घरच्यांनी त्यास कळविले आहे, आणि मे महिन्यात तो आला की अर्ज भरावयास आम्हीच त्याच्या शेजारी बसणार आहोत.